डाव्या दाराची मूठ

१

जुनी गाडी घ्यायची असेल तर उन्हात बघा. छपराखाली उभी केलेली बघू नका, आणि धुऊन ओली ठेवली असेल तर तिथूनच मागे फिरा. ओल्या पत्र्यावर सगळ्याच गाड्या नव्या दिसतात.

फडक्यात गुंडाळून लोहचुंबक न्या. दारांवर, बोनेटवर, चाकांवरच्या कमानींवर फिरवा. चिकटत नसेल तिथे पत्रा नाही, पुट्टी थापलेली आहे. मग गाडीच्या एका टोकाला उभे राहा, डोळा पत्र्याच्या पातळीत आणा आणि पत्र्यात रस्त्यावरच्या खांबाची सावलीसारखी रेघ दिसते ती बघा. रेघ सरळ असली तर पत्रा सरळ. रेघ मध्येच लचकली तर तिथे मार बसलेला आहे, विकणारा कितीही शपथा घेवो. पॅडलवरचं रबर बघा. मीटर मागे फिरवणारे आहेत, झिजलेलं रबर परत उगवून देणारा मला अजून भेटलेला नाही.

मी जन्मभर पत्र्याचं काम केलं. ठोकलेल्या गाड्या सरळ करायचं. शाळेत फार गेलो नाही, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील, पण पत्र्याबद्दल जे सांगतो त्यात नसतील. वर सांगितलं ते सगळं मी त्या गाडीला करून बघितलं होतं. चुंबक सगळीकडे चिकटला. रेघ सरळ होती. मी गाडी पास केली आणि किल्ली सुनेच्या हातात दिली.

२

सून घरोघर जाऊन रक्त काढते. म्हणजे तपासणीसाठी. उठता-बसता न येणारे म्हातारे, बाळंतिणी, अंथरुणाला खिळलेले, अशांच्या घरी. माझंही तीच काढते. सुई टोचलेली कळत नाही, सोबत टोमणा मारते तो कळतो.

तिच्या लॅबवाल्याने तिला सांगितलं होतं की स्वतःची गाडी असेल तर लांबच्या वस्त्यांची फेरी कायम तुझी, नसेल तर दुसरी मुलगी बघतो. माझा लेक जहाजावर. वर्षातला बराच काळ तो पाण्यावर असतो. मग गाडी बघायला सासरा.

गाड्या विकणाऱ्याला आम्ही गॉगल म्हणायचो, कारण तो छपराखालीही काळा चष्मा काढत नव्हता.

"बिनघोर न्या काका. सिंगल ओनर. म्हातारं जोडपं. भाजी आणायला काढायचे, तेवढीच."

"चष्मा काढून बोल. डोळे दिसल्याशिवाय मी कुणाचं ऐकत नाही."

"डोळे आलेत काका."

"तुझे मागच्या वर्षीही आले होते."

गाडी खरंच चांगली होती. पॅडलचं रबर ताजं, सीटची शिवण ताठ. मी एकेक दार उघडून बघत मागच्या डाव्या दाराशी आलो.

दाराला आतून दोन गोष्टी असतात. एक खटका, दार उघडायचा. दुसरी मूठ, दार ओढून लावून घ्यायची. या गाडीच्या मुठी करड्या प्लास्टिकच्या होत्या, वर बारीक खरखरीत दाणे. तीन दारांचे दाणे जसेच्या तसे. या चौथ्या दाराच्या मुठीवर एक दाणा उरला नव्हता. गुळगुळीत, चकचकीत, मधे बारीक झालेली. खालून हात घातला तर बोटांच्या खाचा लागल्या. माझी चार बोटं त्यांत बरोबर बसली. मी हात काढून पँटला पुसला.

"इथे कोण बसायचं रे?"

"म्हातारी असेल."

"नवरा पुढे आणि ही मागे?"

"भांडण असेल काका. तुमच्या घरी नव्हतं होत?"

सून फिस्सकन हसली. मलाही पटलं. नवऱ्याच्या चालवण्याला घाबरणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात, हाताला येईल ते धरून बसतात. पण घाबरलेला माणूस वरचा, छपराला असतो तो दांडा धरतो. तो दांडा कोरा होता. आणि त्याच दाराच्या खटक्याच्या खाचेत धूळ साचून घट्ट झाली होती. म्हणजे ते दार आतून कुणी कधी उघडलं नव्हतं. नुसतं ओढून धरलं होतं.

तेव्हा मी एवढा विचार केला नाही. सून तोवर पुढे बसून आरसा नीट करत होती, आणि तिचा चेहरा असा होता की मी खोट काढली असती तर मलाच वाईट वाटलं असतं.

३

"बाबा, तुमच्या गाडीचं मागचं दार नीट लागत नाही," ती एका सकाळी म्हणाली.

"माझी गाडी? चालते तोवर तुझी, बिघडली की माझी होय?"

"लागतं, पण थांबले की दिवा लागतो. दार उघडं असल्याचा. मागचं डावं."

"खड्ड्यात बसल्यावर?"

"नाही ना. चालू असताना कधीच नाही. नुसतं थांबल्यावर. सिग्नलला, नाहीतर कुणाच्या घरापुढे."

"मग काय करतेस?"

"उतरते, दार दाबते. जातो. उतरल्यावर दार लागलेलंच दिसतं."

हे मला आवडलं नाही. सैल वायर असली तर गाडी हादरल्यावर दिवा लागतो. उभ्या गाडीत लागतो आणि चालत्या गाडीत विझतो, हे उलटं झालं. उलट्या गोष्टींना सरळ कारण असतंच, ते सापडेपर्यंत शिव्या द्यायच्या, हा माझा नेहमीचा शिरस्ता.

मी गाडी माझ्या जुन्या गॅरेजात नेली. आता ते ठोक्या चालवतो. माझ्याच हाताखाली तयार झाला, हातोडा हलका पडायचा नाही म्हणून हे नाव. दोघांनी मिळून दाराचं कुलूप बदललं, बिजागऱ्या आवळल्या, कडेचं रबर नवं घातलं, दिव्याचा स्विच बदलला. मग मी आत बसून राहिलो. बराच वेळ. दिवा लागला नाही.

"झालं," ठोक्या म्हणाला. "उगीच घाबरवता राव."

झालं असं मलाही वाटलं. घरी परतताना लक्षात आलं की गॅरेजात जागा नसते म्हणून त्याने गाडी डाव्या बाजूने भिंतीला अगदी चिकटवून उभी केली होती. डाव्या दारापाशी माणूस उभा राहील इतकी जागाच नव्हती.

पुढच्याच सिग्नलला दिवा लागला.

४

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर निघालो. मागे, डावीकडे बसलो.

"पुढे बसा ना बाबा. मी काय टॅक्सी चालवते?"

"मला पाय पसरायचेत."

"मागे पाय पसरतात? बरं, भाडं द्या उतरताना."

गाडी चालू असताना काहीच नव्हतं. मी दाराला कान लावला, रबरावर बोट फिरवलं, सगळं घट्ट. मग ती एका मोठ्या चौकात थांबली. शेजारी बस, मागे हॉर्न, पुढे कुणीतरी कुणाच्या तरी आईबापाचा उद्धार करत होतं. काचा बंद, त्यामुळे हे सगळं दबून ऐकू येत होतं.

दार हललं. केसभर. बाहेरच्या बाजूला.

दार केसभर सुटलं की काय होतं, हे गाडीत बसणाऱ्या कुणालाही माहीत आहे. बाहेरचा आवाज एकदम आत येतो. इथे तसं झालं नाही. त्या फटीतून माझ्या डाव्या कानावर शांतता आली. कानात कापूस कोंबल्यासारखी. उजव्या कानाला बस ऐकू येत होती, हॉर्न ऐकू येत होते, आणि डावीकडे काहीच नव्हतं. माझा डावा कान चांगला आहे. उजवा अधू आहे.

"लागला बघा दिवा," सून पुढून म्हणाली.

मी काही विचार न करता मूठ धरली आणि दार आत ओढलं. लागलं. बसचा आवाज डाव्या कानात परत आला. दिवा विझला. पण मुठीवरचा ताण गेला नाही. बाहेरून कुणीतरी ओढत होतं. झटका देऊन नव्हे, माणूस चिडून ओढतो तसं नव्हे. सारखं, एकाच जोराने, घाई नसल्यासारखं.

काचेबाहेर कुणी नव्हतं. बसची पिवळी बाजू होती, आणि बस आणि आमच्या मधे रिकामा रस्ता.

सिग्नल सुटला, गाडी हलली आणि ओढ थांबली.

"गेला," सून म्हणाली. "काय केलंत?"

"धरलं," मी म्हणालो.

५

आता मला म्हणा की म्हाताऱ्याच्या हाताला कंप असेल. मीही स्वतःला तेच म्हणालो. पत्रा तापतो, फुगतो, दार बाहेर रेटतो. बसच्या हवेने दार ओढलं जातं. मी अशी पाचपंचवीस कारणं काढली असती, पण सूनबाई पुढच्या घरापाशी थांबली, पिशवी घेऊन आत गेली आणि मी गाडीत एकटा राहिलो.

साधी गल्ली होती. ऊन चांगलं पडलेलं. समोरच्या अंगणात एक बाई दोरीवर चादरी वाळत टाकत होती. वारा इतकाही नव्हता की चादर हलावी.

ओढ सुरू झाली तेव्हा माझा हात आधीच मुठीवर होता. बोटं आपसूक त्या खाचांत गेली. आता दुसरा हातही लावावा लागला. मी पाय पुढच्या सीटला टेकवून मागे रेललो. घाम गळ्याखाली उतरत होता, आणि बाहेर, मी शपथेवर सांगतो, कुणी नव्हतं. काचेतून मला गल्ली दिसत होती, गल्लीतला दिव्याचा खांब दिसत होता, कुत्रं झोपलेलं दिसत होतं.

मग माझी नजर पुढच्या दाराबाहेरच्या आरशावर गेली. मी बसलो होतो तिथून त्या आरशात माझंच दार बाहेरून दिसत होतं. दाराचं बाहेरचं हँडल उचललेलं होतं. पुरतं वर. आणि तसंच वर राहिलं होतं.

पत्रा चकचकीत होता, सुनेनेच आदल्या दिवशी पुसला होता. जन्मभराची सवय, डोळा आधी रेघेकडे जातो. त्या पत्र्यात खांबाची रेघ दिसायला हवी होती. वरून निघालेली रेघ अर्ध्यावर तुटली होती. तिच्या आड काहीतरी उभं होतं. रस्त्यावर नव्हतं ते, फक्त पत्र्यात होतं. दाराला अगदी लागून, हँडलपर्यंत वाकलेलं. माणूस कंबरेत वाकतो. ते त्याच्या फार वर वाकलं होतं, जिथे वाकायला काही नसतं तिथे. आणि त्याचं तोंड, तोंडच असेल तर, हँडलकडे नव्हतं. ते आरशाकडे होतं.

मी डोळे मिटले. हात सोडले नाहीत.

डोळे उघडले तेव्हा समोरची बाई आमच्या गाडीकडे बघत होती. तिच्या हातात ओली चादर होती. तिने ती चादर हळूच बादलीत ठेवली, दोरीवरच्या बाकीच्याही काढून घेतल्या, आत गेली आणि दार लावलं. मग खिडक्या लावल्याचे आवाज आले. एकामागून एक.

सून पलीकडच्या घरातून बाहेर पडली आणि ओढ नाहीशी झाली.

"बाबा, घामाघूम झालात. बरं वाटत नाही का? दाखवा नाडी."

"उकडतंय," मी म्हणालो.

६

गॉगलने जुन्या मालकाचा पत्ता लगेच दिला. फक्त म्हणाला, "परत आणू नका काका. मी घेणार नाही." पहिल्यांदाच त्याने काही विकायचा प्रयत्न केला नाही.

म्हाताऱ्याने दार उघडलं. मी गाडीबद्दल आलोय म्हटल्यावर तो माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघू लागला.

"घेऊन आलात?"

"नाही. बसने आलो."

तेव्हा त्याने मला आत घेतलं.

खोली स्वच्छ होती. जेवायच्या टेबलाला तीन खुर्च्या. नवरा-बायको एकाच बाजूला बसली, तिसऱ्या खुर्चीवर मला बसू दिलं नाही, स्टूल दिलं. म्हातारीचा डावा हात मांडीवर होता. बोटं आत वळलेली, पण मूठ मिटलेली नाही. मधे पोकळी. हातातली वस्तू कुणी काढून घ्यावी आणि हात तसाच राहावा तशी.

"आता मागे कोण बसतं?" तिने विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"कुणी नाही. सून एकटी चालवते."

ती नवऱ्याकडे वळली. "मी म्हटलं होतं, सांगा त्यांना म्हणून."

"काय सांगायचं होतं?" माझा आवाज चढला. "माझी पोर बसते त्या गाडीत. नीट बोला."

"हिचा हात गेला हो," म्हातारा म्हणाला. "मला गाडी चालवायची असायची. आम्ही दोघंच. किती दिवस रेटायचं?"

"मग मोडीत घालायची होती! लोकांच्या गळ्यात कशाला मारलीत?"

"मोडीत घातल्यावर ते कुठे गेलं असतं?" म्हातारी म्हणाली. रागाने नाही, भाजीचा भाव विचारावा तसं. "गाडीचं निदान एकच दार धरावं लागतं. तुमच्या घराला दारं किती आहेत? खिडक्या किती?"

मी मनात घराची दारं मोजू लागलो. 

"धरून बसलं की ते तिथेच राहतं," ती म्हणाली. "तेवढंच करायचं असतं. कुणीतरी धरून बसायचं."

"दार बांधून टाकायचं मग. धरायचं कशाला?"

"बांधलं होतं एकदा," म्हातारा म्हणाला. "दोरीने. त्या दिवशी आमचा..."

"नको," बायको म्हणाली. "ते नका बोलू."

 दोघंही त्या तिसऱ्या खुर्चीकडे न बघता बसून राहिली. मी उठलो. मी बाहेर पडल्यावर आतून एक कडी लागली, मग दुसरी, मग आणखी खालच्या बाजूला कुठेतरी तिसरी.

७

सुनेला मी म्हटलं, गाडी विकू.

"का?"

"मला ती पसंत नाही."

"चुंबक लावून, डोळे बारीक करून तुम्हीच पसंत केलीत बाबा. लांबची फेरी आत्ता कुठे मिळालीय. पहाटे बसला लोंबकळून हातातल्या बाटल्या सांभाळायच्या, एक फुटली की त्या माणसाला परत सुई टोचायची. तुम्ही एकदा करून बघा. मग विकू."

काय सांगणार? तिला पत्र्यातलं सांगितलं असतं तर तिने माझंच रक्त काढून तपासायला पाठवलं असतं.

म्हणून मी रोज मागे बसू लागलो. तिला वाटलं म्हाताऱ्याला करमत नाही. लॅबमधल्या मुली तिला म्हणायच्या, तुझा बॉडीगार्ड आला का. मी धरायचो. प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक घरापुढे. पण हा हात आता हातोडा उचलणारा हात नाही. संध्याकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा. एकदा अर्ध्या फेरीत बोटांतला जोर गेला आणि दार चांगलं वीतभर उघडलं. ती शांतता अशी काही आत आली की पुढे बसलेली सून काहीतरी बोलत होती, तिचे ओठ आरशात हलत होते, आणि मला एक शब्द ऐकू येत नव्हता. नशीब, त्याच क्षणी सिग्नल सुटला.

त्या दिवशी मी ठरवलं. त्या जुन्या मालकाने दोरी बांधली होती. दोरी ती दोरी. तो पत्र्याच्या धंद्यातला नव्हता.

सून सुट्टीवर होती तेव्हा गाडी ठोक्याकडे नेली आणि त्याला बाजूला करून मी स्वतः वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर चढवला. दार चौकटीला वरपासून खालपर्यंत जोडून टाकलं. आधी टाके, मग सलग. बाहेरचं हँडल काढलं, भोकावर पत्रा बसवला. सांधा घासला, पुट्टी, पॉलिश पेपर, रंग. आतली मूठ कापून फेकून दिली.

"उस्ताद, गाडी बनवताय का तिजोरी?" ठोक्या म्हणाला.

"तू रंग बघ."

रंग सुकल्यावर मी टोकाला उभं राहून रेघ बघितली. पुढून मागेपर्यंत सरळ गेली. तिथे कधी दार होतं हे मलाही ओळखता आलं नसतं. इतकं सफाईचं काम मी उमेदीतही केलं नव्हतं.

८

सुनेने गाडी बघितली आणि कमरेवर हात ठेवले.

"दार कुठंय?"

"बिजागरी गेली होती. बंद करून टाकलं."

"माझ्या गाडीचं दार बुजवलंत? मला न विचारता?"

"मागे बसतं कोण?"

"तुम्ही!"

"मी आता पुढे बसणार."

फेरीला निघालो तरी तिचा राग उतरला नव्हता. गाल फुगवून चालवत होती. मी पुढच्या सीटवर तिच्या बाजूला, तिची पिशवी मांडीवर घेऊन. पहिला सिग्नल आला, गाडी थांबली. मी डॅशबोर्डवरच्या दिव्यांकडे बघत राहिलो. काही नाही. दुसरा सिग्नल. काही नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी शीळ घातली.

"आता शीळ घालतात," ती पुटपुटली, पण ओठ हसू दाबत होते.

पहिल्या घरापाशी तिने गाडी बंद केली. "आणा पिशवी. आलेच मी." पिशवी घेतली आणि स्वतःच्या दाराकडे वळली.

तिचा हात खटक्यापर्यंत पोचायच्या आधी दिवा लागला. मागचा नाही. तिच्या दाराचा.

"अगंबाई, नीट लागलंच नव्हतं वाटतं," ती म्हणाली, आणि मूठ धरून तिने दार आत ओढलं.

लागलं. तिने मूठ सोडली नाही. तिच्या दंडाची शीर वर आली.

"बाबा, हे... कुणीतरी ओढतंय."

"सोडू नकोस!"

माझा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. ती वळून माझ्याकडे बघायला लागली, आणि मी तिच्या अंगावरून आडवा होऊन दोन्ही हातांनी तिच्या दाराची मूठ धरली. ओढ तीच. सारखी, एकाच जोराने. जणू मधले दिवस गेलेच नव्हते.

"गाडी चालू कर," मी म्हणालो. तिने किल्ली फिरवली. इंजिन नुसतं खोकलं. पुन्हा फिरवली. तेही नाही.

"बाबा, कोण आहे बाहेर? मला कुणीच दिसत नाही."

"माझ्या बाजूने उतर."

"पण..."

"उतर म्हणतो ना पोरी! लवकर! दार लाव आणि लांब जा."

ती माझ्या पाठीवरून, गिअरवरून कशीबशी पलीकडे गेली. पिशवी उलटी झाली, नळ्या खाली घरंगळल्या, एक तिच्या पायाखाली फुटली. पलीकडचं दार उघडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ लागल्याचा. ती बाहेर होती. माझ्या छातीवरचा दगड उतरला. आता जे काय व्हायचं ते माझं होणार होतं, तिचं नाही. मी तिच्या सीटवर आडवा पडून, पाय कुठेतरी अडकवून, मूठ धरून होतो.

पण लांब जाईल तर ती आमची सून कसली. काचेतून तिचा आवाज आला, दबलेला, संतापलेला. "कोण आहे रे तिकडे? म्हातारा माणूस दिसत नाही का?" बाह्या सरसावत ती बोनेटला वळसा घालून या बाजूला येत होती. मी ओरडलो, पण बंद काचेतून तिला काय ऐकू जाणार.

मी पडलो होतो तिथून मला मी धरलेल्या दाराच्या काचेतून फक्त आभाळ दिसत होतं. पुढच्या काचेतून सून दिसत होती, कमरेच्या वर. ती बोनेटच्या कोपऱ्याशी आली आणि थांबली.

या मुलीने मरायला टेकलेल्यांच्या शिरा शोधल्यात. जळलेल्या माणसाच्या हातातून रक्त काढून घरी येऊन ती जेवली आहे. मी तिला दचकताना कधी बघितलेलं नाही.

 तिच्या चेहऱ्यावरचा राग जागच्या जागी राहिला, फक्त त्याच्या मागून सगळं निघून गेलं. ती मी धरलेल्या दाराकडे बघत होती. आधी हँडलकडे. मग तिची मान हळूहळू वर गेली, छपराच्याही वर, आणि थोड्या वेळाने तितक्याच हळू खाली आली. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि अगदी सावकाश मान हलवली. नाही. सोडू नका.

मी मुठीला लटकलो.

मग तिची नजर माझ्या दारावरून सरकली. त्याच बाजूच्या मागच्या दाराकडे गेली आणि तिथे थांबली. तिथून काचांमधून आरपार पलीकडे, तिने आत्ताच लावलेल्या दाराकडे. तिने दोन्ही हात तोंडावर नेले. माझ्या डोक्यापाशी दाराचा आणखी एक दिवा लागला. मग तिसरा.

आणि माझ्या हाताखालची ओढ तशीच होती.